जुन्या मोटारीला नवे काटे : जोडणी चुकली तर इशाराही चुकतो

साखळीहून चोर्ला घाट चढताना जुन्या मोटारीचे इंजिन तापू लागते, तेव्हा चालकाला त्याची वार्ता बहुधा उशिराच लागते. बोनेटच्या फटीतून वाफ दिसते किंवा डॅशबोर्डवरचा एक इवलासा दिवा पेटतो. दिव्याला दोनच गोष्टी सांगता येतात: ठीक आहे, अथवा ठीक नाही. या दोहोंमधला प्रवास त्याला दाखवता येत नाही. म्हणूनच जुन्या गाड्या जपणारे अनेकजण तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि बॅटरीचे व्होल्टेज दाखवणारे स्वतंत्र काटे बसवून घेतात. निर्णय शहाणपणाचा आहे. परंतु हे काम घाईने झाले, तर काटा खोटी माहिती देतो आणि गाडीला आग लागण्याचे एक नवे कारण डॅशबोर्डच्या मागे जाऊन बसते.

उदाहरणादाखल मॉरिस मायनर घेऊ. अॅलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेतून साकारलेली ही ब्रिटिश गाडी १९४८ मध्ये बाजारात आली. हिंदुस्थान मोटर्सने तिला ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने भारतात आणले होते. पुढे घरोघरी ओळखीची झालेली अॅम्बेसेडरही मॉरिस ऑक्सफर्डच्याच तिसऱ्या मालिकेवर बेतलेली. ‘मायनर १०००’ या प्रकारात डॅशबोर्डच्या मधोमध एकच मोठी तबकडी असते. तिच्यात वेग आणि पेट्रोलची पातळी दिसते. तेलाचा दाब आणि चार्जिंग यांच्यासाठी केवळ दिवे आहेत; तापमानासाठी काहीच नाही.

या गाडीचे इंजिन सुस्थितीत आणि गरम असताना, वेगात चालते वेळी तेलाचा दाब प्रति चौरस इंच सुमारे ६० पौंड असावा, तर जागच्या जागी चालताना १५ पौंडांच्या आसपास. दिवा मात्र दाब ५ ते १० पौंडांच्या घरात घसरल्यावरच पेटतो. म्हणजे ६० चा दाब महिनोन्‌महिने उतरत ३० वर आला, बेअरिंगे झिजली, तेल पातळ झाले, तरी दिवा गप्पच. काट्याचे मोल आहे ते या उताराची खबर वेळेत देण्यात.

आधी अर्थ ओळखावा

मोटारीत विजेच्या परतीसाठी वेगळी तार नसते. सांगाड्याचा पत्राच ते काम करतो. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. मायनर आणि तिच्या काळच्या बहुसंख्य ब्रिटिश गाड्यांत मात्र धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. जुन्या धाटणीच्या साध्या काट्यांना याने फारसा फरक पडत नाही; व्होल्टमीटरच्या दोन तारा उलट जोडल्या की भागते. परंतु इलेक्ट्रॉनिक काटे, इंजिनाचे फेरे मोजणारे नवे टॅकोमीटर आणि एलईडी दिवे यांना ध्रुवता चुकलेली चालत नाही. काट्याचे धातूचे कवच आतून ऋण टोकाशी जोडलेले असेल आणि ते धन अर्थ असलेल्या पत्र्यावर कसले, तर तो थेट शॉर्टसर्किटच ठरतो.

गाडी ऋण अर्थावर आणता येते. त्यासाठी बॅटरीच्या जोडण्या उलटवणे, इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करणे आणि डायनामोचा चुंबकीय ध्रुव नव्याने ठरवून देणे आवश्यक असते. हे शेवटचे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. कोणत्याही कामापूर्वी बॅटरीचे सांगाड्याकडील टोक सर्वप्रथम सोडवावे आणि जोडताना ते सर्वात शेवटी जोडावे.

वीज कोठून घ्यावी?

जुन्या ब्रिटिश गाड्यांत ल्युकासच्या पद्धतीने तारांचे रंग ठरलेले असत. तपकिरी तार बॅटरीतून थेट येते. पांढरीत किल्ली फिरवल्यावर वीज येते, पण फ्यूजशिवाय. हिरवी तार किल्लीवर चालते आणि फ्यूजमधून येते. जांभळीत फ्यूजमधून आलेली वीज कायम असते, तर काळी तार अर्थाची. नव्या काट्यांसाठी हिरव्या तारेचा उगम, म्हणजे फ्यूज-पेटीतील ‘ए-४’ हे टोक, योग्य. किल्ली बंद केली की काटेही बंद होतात आणि बॅटरी रात्रभर झिजत नाही. काट्यांच्या आतील दिव्यांची वीज साइड लॅम्पच्या लाल तारेच्या फाट्यावरून घ्यावी. साठ वर्षांत रंग उडालेले असतात आणि आधीच्या मालकांनी मनमानी जोड दिलेले असतात. म्हणून रंगावर विसंबून न राहता प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासावी.

येथेच एक चूक वारंवार होते. मूळ फ्यूज ३५ अँपिअरचा आहे, तेव्हा वेगळ्या फ्यूजची गरज काय, असे वाटते. परंतु तो फ्यूज मूळच्या जाड तारांसाठी आहे. काट्याकडे जाणारी बारीक तार कोठे घासून पत्र्याला टेकली, तर फ्यूज वितळण्याआधी तारच तापून तिचे आवरण पेटू शकते. म्हणून नव्या तारेच्या उगमापाशीच दोन-तीन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज बसवावा. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून तार आत नेताना छिद्राला रबरी ग्रोमेट लावावे. उघडी कड कंपनांनी तार सुरीसारखी कापते.

काटा आणि सेंडर यांची जोडी

विजेवर चालणारा काटा इंजिनावरील ‘सेंडर’कडून माहिती घेतो. दाब किंवा तापमान बदलले की सेंडरचा विद्युत रोध बदलतो आणि काटा त्यानुसार हलतो. त्यामुळे दोन्ही एकाच जातीचे असणे अनिवार्य आहे. पेट्रोलच्या काट्याचे पाहा: एका प्रचलित युरोपीय पद्धतीत टाकी रिकामी असताना रोध १० ओम आणि भरलेली असताना १८० ओम असतो; अमेरिकी पद्धतीत तो रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओम असतो. या दोहोंची सरमिसळ केली तर काटा उलट्या दिशेने चालेल.

आट्यांचेही तसेच आहे. एक अष्टमांश इंचाच्या ब्रिटिश पाइप-आट्याला इंचामागे २८ वेटोळी असतात, अमेरिकी आट्याला २७. सेंडर एक-दोन फेरे सहज बसतो, मग अडतो. तेथे पाना लावून जोर केला की ब्लॉकमधले आटे बिघडतात आणि तेल गळू लागते. आटे मोजूनच जोडतुकडा घ्यावा. तो तीन तोंडांचा घेतला, तर एका बाजूला काट्याचा सेंडर आणि दुसऱ्या बाजूला मूळ दिव्याचा स्विच असे दोन्ही राहतात. दिवा काढू नये. वळणावर चालकाची नजर रस्त्यावर असते, काट्यावर नव्हे. अशा वेळी लक्ष वेधून घेतो तो दिवाच.

एका टोकाचा सेंडर आपला अर्थ आट्यांतूनच घेतो. गळती थांबवण्यासाठी त्यावर टेफ्लॉनच्या पट्टीचे थर गुंडाळले, तर अर्थ कमकुवत होऊन काटा चुकू शकतो. रेडिएटरच्या रबरी नळीत जोडनळी घालून तीत सेंडर बसवला असेल, तर दोन्हीकडे रबर असल्याने अर्थ मुळी मिळतच नाही. तेथे वेगळी काळी तार द्यावीच लागते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत ही बाब अधिकच महत्त्वाची. पत्र्यावरचा रंग खरवडून, टोक घट्ट कसून, वर ग्रीसचा लेप द्यावा. सर्व काट्यांच्या काळ्या तारा एकाच स्वच्छ बोल्टवर आणाव्यात. काटे एकदम थरथरू लागले, तर काट्यांना दोष देण्यापूर्वी हा बोल्ट पाहावा.

यांत्रिक काट्यांना सेंडर लागत नाही. मात्र तेलदाबाच्या यांत्रिक काट्यापर्यंत बारीक नळीतून गरम तेलच येते. ती नळी फुटली तर तेल चालकाच्या पायांवर सांडते. तांब्याच्या नळीला इंजिनाजवळ वेटोळे द्यावे, म्हणजे कंपने जिरतात. तापमानाच्या यांत्रिक काट्याची नळी सीलबंद असते. ती जास्त झाली म्हणून कापायची नसते, सैल गुंडाळून ठेवायची असते.

अँमीटर की व्होल्टमीटर?

अँमीटरमधून बॅटरीकडे ये-जा करणारा जवळजवळ सारा प्रवाह वाहतो. त्यासाठी जाड तार डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यावी लागते, आणि तिला सहसा फ्यूज नसतो. मूळ डायनामो २२ अँपिअरच्या आसपास देत असे. त्या जागी मोठा अल्टरनेटर बसवला आणि अँमीटर जुनाच ठेवला, तर त्याची टोके तापतात. व्होल्टमीटरला बारीक तार आणि लहान फ्यूज पुरतो. बंद, विसावलेल्या गाडीत त्याने १२.६ व्होल्टच्या आसपास आणि वेगात चालताना सुमारे १४ दाखवावे. काटा सतत १५ च्या वर राहिला, तर रेग्युलेटर तपासावा. डायनामोच्या गाडीत जागच्या जागी इंजिन चालताना काटा खाली येतो. तो दोष नव्हे.

मूळ डॅशबोर्डला हात लावू नये

बहुतेक काटे ५२ मिलिमीटर व्यासाचे असतात. त्यासाठी जुन्या पत्र्याला भोके पाडण्याची गरज नाही. डॅशबोर्डखाली लटकणारी छोटी पट्टी मिळते किंवा पत्रेकाम करणाऱ्याकडून करून घेता येते. पाडलेले भोक बुजवले तरी मूळ पत्रा परत येत नाही. पट्टी मात्र चार स्क्रूंनी निघते.

काटा बसवल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. तापमानाचा सेंडर इंजिनावर कसण्याआधी तारेने अर्थ देऊन उकळत्या पाण्यात धरावा. पणजीत काटा १०० अंश सेल्सिअसपाशी थांबायला हवा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी दोन-अडीच अंश आधीच उकळते, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतरचे काही आठवडे सपाट रस्त्यावरचे, घाटातले आणि गर्दीतले आकडे वहीत टिपावेत. आपल्या गाडीचे ‘नेहमीचे’ किती, हे त्या वहीतूनच कळते, आणि काटा त्याहून हलला की गाडी बाजूला घेण्यास अवधी मिळतो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर नव्या तारांचा नकाशा काढून ठेवावा. पुढे कधी गाडी दुसऱ्या हाती गेली, तर डॅशबोर्डखाली वाकणाऱ्या माणसाला तो उपयोगी पडेल.