ऊन लागले की नाही? ‘थोडेफार’ जाणणारे गणित

मे महिन्यात नागपुरात घरोघरी एक प्रश्न असतो, “ह्यांना ऊन तर लागलं नाही?” उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे हवे असते. शरीर मात्र अशा दोन खान्यांत राहत नाही.

शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर आणि जोडीला बरळणे, झटके किंवा बेशुद्धी, याला डॉक्टर उष्माघात म्हणतात. मग १०३.८ असेल तर निश्चिंत राहावे काय? मुळीच नाही. काखेतला थर्मामीटर शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा कमीच दाखवतो.

अशा अंधुक सीमांचे गणित अमेरिकेतील शास्त्रज्ञ लॉटफी झादे यांनी १९६५ मध्ये मांडले. संगणकाचा हिशेब ० किंवा १ असा. झादे म्हणाले, मधल्या पायऱ्याही मोजा. १०२ ताप म्हणजे ‘जास्त ताप’ समजा ०.६, १०३.८ म्हणजे ०.९. हेच ‘फझी लॉजिक’. वॉशिंग मशीनवर हे शब्द आपण वाचले असतील. माणसाच्या मेंदूवरून सुचलेली न्यूरल नेटवर्क्सही याच कुटुंबातली. या सर्वांना मिळून ‘सॉफ्ट कॉम्प्युटिंग’ म्हणतात.

यात नियम आपल्या बोलीसारखे असतात : ‘ताप बराच, उन्हात वेळ बराच आणि बोलणे असंबद्ध, तर धोका फार.’ एकेक खूण अर्धवट असली तरी साऱ्या मिळून कौल देतात. अनुभवी डॉक्टर मनातल्या मनात हेच करतात. यंत्राचा कौल मात्र अंदाजच, निदान डॉक्टरांचेच.

यातून आपण काय घ्यावे? एका आकड्यावर अडून बसू नये. म्हातारी माणसे, लहान मुले, उन्हात राबणारे मजूर यांच्या बाबतीत तर नाहीच. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असेही समजू नये. उन्हातून आलेला माणूस भलतेच बोलू लागला तर थर्मामीटर शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, पंख्याचा वारा घाला. मान, काख व जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

शंका अर्धी असली तरी उपचार पुरा करावा.