घाट उतरून येणारी माणसं

नाशिक जिल्ह्यातला सुरगाणा तालुका सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आहे. नार, पार या इथल्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि त्यांचं पाणी खाली गुजरातकडे जातं. माणसं मात्र उलटी, घाट चढून जातात. भात, नागली, वरई घरात आली, दिवाळी झाली, की मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. थिनिंग म्हणजे घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, मग काढणी. होळीला गावी परत. एका पावसावरची शेती आणि उन्हाळ्यात आटलेल्या विहिरी पाहिल्या की या स्थलांतराचं कारण वेगळं विचारावं लागत नाही.

जगातलं बहुतेक स्थलांतर असंच, नसलेपणाकडून असलेपणाकडे होतं. पण एक बारीक धार उलटी वाहते. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी सोडून काही माणसं थायलंड, मेक्सिको, भारत अशा देशांत येऊन राहतात. ती का येतात, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

आधी पैशाचं गणित. ढोबळ आकडे घेऊ. बाजारात एका डॉलरचे 80 हून अधिक रुपये मिळतात. पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं, तेवढंच भारतात साधारण 20 ते 25 रुपयांत मिळतं. म्हणजे तिकडून महिन्याला 1,500 डॉलर पेन्शन येणारा माणूस इथे राहिला, तर त्याच्या हाती सव्वा लाखाच्या आसपास रुपये पडतात आणि राहणी पाच-सहा हजार डॉलरवाल्याची होते. हा फरक येतो कुठून? मोबाइल किंवा पेट्रोल इथे स्वस्त नाही. त्या वस्तू जगभर फिरतात. केस कापणं, स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, घराचं बांधकाम ही कामं जहाजात भरून आणता येत नाहीत. त्यांचा दर गावातल्या मजुरीवर ठरतो. शिकागोतला न्हावी आणि सुरगाण्यातला न्हावी केस कापायला सारखाच वेळ घेतात, मोबदल्यात मात्र कितीतरी पटींचं अंतर असतं. तेव्हा ‘भारतात स्वस्त पडतं’ याचा सरळ अर्थ इथल्या माणसाचे कष्ट स्वस्त आहेत एवढाच होतो. निफाडची द्राक्षं युरोपात जातात, त्यांच्या भावातही हे कष्ट आहेत. इथे येऊन राहणाऱ्यानं ही गोष्ट स्वतःपासून लपवू नये.

हे गणित माणसाला पुण्या-गोव्यापर्यंत आणतं, सुरगाण्यापर्यंत आणत नाही. पेन्शनवर जगणाऱ्याला तासाभरात गाठता येईल असं मोठं रुग्णालय हवं असतं, न तुटणारं इंटरनेट हवं असतं. सुरगाण्याहून नाशिक नव्वद किलोमीटरच्या आसपास पडतं.

दुसरी गोष्ट कागदाची. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला 2005 पासून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळतं. त्यावर आयुष्यभर येता-जाता, राहता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय वंशाच्या नसलेल्याला सहसा व्हिसावर राहावं लागतं. नागरिक व्हायचं तर साधारण बारा वर्षांचा रहिवास लागतो आणि जुनं नागरिकत्व सोडावं लागतं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. बहुतेकजण जुना पासपोर्ट जवळ ठेवतात. दुखलंखुपलं, बिनसलं, तर परतीची वाट उघडी असते. बागेतल्या मजुराची परतीची वाट कोरड्या विहिरीपाशी जाते. दोन्ही स्थलांतरंच, पण माझ्या मते त्यांच्यातला सगळ्यात मोठा फरक हाच.

ही वाट स्वतःहून बंद करणारी माणसंही महाराष्ट्रानं पाहिली आहेत. गेल ऑमव्हेट 1941 साली मिनियापोलिसला जन्मल्या. बर्कलीच्या विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या, 1976 मध्ये चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी लग्न केलं, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला राहिल्या आणि 1983 मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. 2021 मध्ये कासेगावलाच त्यांचं निधन झालं. फलटणला तर अशा माणसांची साखळीच आहे. अमेरिकेत वाढलेल्या एलिझाबेथ विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या; 1950 मध्ये मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण त्यांनी सुरू केलं. मॅक्सीन बर्नसन भाषाविज्ञानाच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या. कमला निंबकरांच्या सून जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं लिहिली, पुढे भारतीय नागरिकत्व घेतलं. दलित वस्तीतली मुलं शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत, हे दिसल्यावर त्या मुलांना शिकवायला लागल्या. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं राहिलं.

या सगळ्यांच्या येण्याला एक क्रम दिसतो. पहिलं येणं अभ्यासासाठी किंवा लग्नामुळे, ठरावीक मुदतीचं किंवा घरगुती. मग भाषा. बर्नसन, ऑमव्हेट यांना मराठी आली नसती, तर त्या पाहुण्याच राहिल्या असत्या. मग असं एखादं काम, जे तिकडे नाही आणि इथे करणारं कुणी नाही. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांचं पाऊल याच जातीचं, फक्त मायदेशी परतणाऱ्यांचं. जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून 1984 मध्ये ते परतले आणि 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू केली. ज्या प्रश्नावर काम करायचं, तो प्रश्न होता तिथेच ते राहायला गेले.

मग सुरगाण्यात कुणी आलं तर? इथे दहातले नऊहून अधिक लोक आदिवासी. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल. तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे, ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा लागू आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय विकत किंवा भाड्यानं घेता येत नाही. मला जमिनीवरचा हा निर्बंध मोलाचा वाटतो. डॉलरच्या गणितापुढे इथलं शेत एका मोसमात विकलं गेलं असतं. येणाऱ्यानं मालक म्हणून यायचं नाही, ग्रामसभेला विचारून यायचं.

आणि काय पाहून यायचं? 2022 च्या अखेरीस इथल्या सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातेत घाला’ अशी मागणी केली होती. रस्ता, पाणी, दवाखाना पलीकडे बरा दिसतो म्हणून. कामाची यादी त्या मागणीतच आहे.

परदेशात राहून परतायचा विचार करणारे अनेक मराठी वाचक पावसाळ्यात सुट्टीवर येतात, सुरगाण्यातला भिवतासचा धबधबा पाहतात, हिरव्या डोंगरांचे फोटो घेऊन जातात. त्यांना एक विनंती आहे. एकदा मे महिन्यात या. पंधरा दिवस गावात राहा, पाण्याला जाणाऱ्या बायांबरोबर विहिरीपर्यंत चाला, आणि मग ठरवा.