चूक एकाच बाजूला का जाते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘कॉम्प्युटरवाल्या माणसाचे छंद’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा आधी हसूच आलं. आमच्या घरच्यांचं मत असं, की मला छंद एकच, खुर्चीत बसून पडद्याकडे टक लावून पाहण्याचा. पण तसं नाही. मी धुळ्याचा, शिक्षण आणि पहिली नोकरी जळगावची. त्यामुळे खाण्याची आवड जन्मजात. दुसरा नाद कॅरमचा. आणि तिसरा प्रोग्राम लिहिण्याचा, जो पुढे पोटापाण्याचा धंदा झाला. या तिन्ही गोष्टींनी मला एकच धडा शिकवला. तो शिकायला मात्र माझ्या मामाचं दहा किलो तुरीचं नुकसान व्हावं लागलं. आज तेच सांगणार आहे.

सुरुवात खाण्यापासून करू. जळगाव जिल्ह्यात थंडी पडली की शेताशेतांतून धूर निघू लागतो. भरिताची वांगी भाजली जात असतात. आपली ही वांगी म्हणजे बाजारातली जांभळी, गोल वांगी नव्हेत. ही फिकट हिरवी, लांब आणि चांगली हातभर. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. वांगी तुराट्यांच्या नाहीतर पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात ठेचायची. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. जोडीला कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेल्या पिठाची.

नवा नवा प्रोग्राम लिहायला शिकलो तेव्हा मला भलता उत्साह होता. म्हटलं, आईच्या भरिताचाच प्रोग्राम लिहू. वही घेऊन चुलीपाशी बसलो. “आई, वांगं किती वेळ भाजायचं?” “भाजेपर्यंत.” “मीठ किती?” “लागेल तेवढं.” कॉम्प्युटरला ‘लागेल तेवढं’ कळत नाही. त्याला आकडा लागतो. बारा मिनिटं सांगितली तर तो बारा मिनिटांनी थांबेल, मग वांगं कच्चं राहो की कोळसा होवो. आई मात्र देठाशी दाबून पाहते आणि सांगते, झालं. याला आपण अंदाज म्हणतो. तिचाही अंदाज चुकतो. एखाद्या वेळी मीठ जास्त पडतं, एखाद्या वेळी कमी. पण वर्षभराची भरितं घेतली तर ती खारट म्हणता येणार नाहीत आणि आळणीही. चुका दोन्ही बाजूंना वाटल्या जातात. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

आता कॅरम. आमच्या धुळ्याच्या गल्लीत एका ओट्यावर संध्याकाळी बोर्ड मांडला जायचा. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या, एक राणी, आणि पाच-सहा ग्रॅमच्या सोंगटीला ढकलायला जास्तीत जास्त पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर. माझा नेम बरा होता, पण सामने मी हरायचो. एका मोठ्या मुलाने दोन दिवस नुसतं बघितलं आणि म्हणाला, “तू चुकतोस त्याचं काही नाही. सगळेच चुकतात. पण तुझे सगळे चुकलेले फटके डावीकडेच जातात. बोट तपास.” तपासलं, तर स्ट्रायकर मारताना माझं मनगट दर वेळी किंचित आत वळत होतं. इकडे-तिकडे होणारी चूक म्हणजे हाताची थरथर. ती सरावाने कमी होते. एकाच बाजूला होणारी चूक हा मात्र दोष असतो. तो सरावाने जात नाही, उलट पक्का होतो. तो शोधून काढावा लागतो.

पुढे मी कॅरमचा खेळ कॉम्प्युटरवर लिहिला, निव्वळ हौसेखातर. ज्या कोनात सोंगटी कडेला आपटते त्याच कोनात ती परत फिरते, हे शाळेतलं गणित घातलं. खेळ चालला, पण मजा येईना. पडद्यावर पावडर कमी-जास्त होत नव्हती, श्रावणातल्या दमट हवेत बोर्ड जड होत नव्हता. सगळं बिनचूक, म्हणून खोटं वाटत होतं. मग मुद्दाम प्रत्येक फटक्यात थोडी चूक घातली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. तेव्हा कुठे तो ओट्यावरच्या कॅरमसारखा वाटू लागला.

एवढं सगळं कळत असूनही नोकरीत मी काय केलं ते ऐका.

जानेवारी २००४ ची गोष्ट. जळगाव हे डाळ मिलचं गाव. आसपासच्या तालुक्यांतून तूर, मूग, उडीद इथे येतो. एका धान्य व्यापाऱ्याकडे नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला होता. तो कॉम्प्युटरला जोडायचा आणि वजन थेट हिशेबपट्टीत उतरवायचं, असं काम माझ्याकडे आलं. काटा शंभर ग्रॅमपर्यंत वजन दाखवत असे. मी प्रोग्राम लिहिला, घरी तपासला, सगळं बरोबर. तूर विकायला आलेल्यांत यावल तालुक्यातले माझे मामाही होते. भाच्याचा कॉम्प्युटर आहे म्हणून मुद्दाम त्याच दुकानात बावीस गोण्या घेऊन आले.

आठ-दहा दिवसांनी तिथल्या मापाडीकाकांनी मला बोलावलं. काका मूळचे अमळनेरकडचे. काट्यावर आकडा उमटायच्या आधी तोंडाने वजन सांगायचे आणि बहुतेक वेळा पाव-अर्ध्या किलोच्या आतच चुकायचे. त्यांनी पट्ट्यांची चळत माझ्यापुढे ठेवली. “भाऊ, यात एका तरी गोणीला शेपूट आहे का?” पाहिलं. साठ किलो, अठ्ठावन्न किलो, एकसष्ट किलो. कुठेही सातशे ग्रॅम नाहीत, कुठेही दोनशे ग्रॅम नाहीत. मी म्हटलं, “काका, कॉम्प्युटर चुकत नाही.” ते हसून अहिराणीत म्हणाले, “भाऊ, तुना कॉम्प्युटर पाठवर गोणी लेस का?”

झालं होतं असं. वजन साठवायला मी जो रकाना केला होता तो पूर्णांकाचा होता. साठ किलो सातशे ग्रॅम आले की तो सातशे ग्रॅम गाळून टाके आणि साठ ठेवी. घरी तपासताना मी चाळीस, पन्नास, साठ असे गोल आकडे टाकले होते. मग चूक दिसणार कशी? शेपटी शून्यापासून नऊशे ग्रॅमपर्यंत कितीही असू शकते, म्हणजे सरासरीने दर गोणीमागे साडेचारशे ग्रॅम. वीस गोण्यांना नऊ किलो. तेव्हाच्या पंधरा रुपये किलोच्या हिशेबाने एकशे पस्तीस रुपये. आणि महत्त्वाचं म्हणजे हे पैसे दर वेळी शेतकऱ्याच्याच खिशातून जात होते. एकदाही उलट झालं नाही. आईच्या मिठासारखी ही चूक नव्हती. माझ्या वाकड्या मनगटासारखी होती.

इथे थोडं आतलं सांगतो. कॉम्प्युटर सगळे आकडे शून्य आणि एक या दोनच खुणांत लिहितो. आपल्या दशमान पद्धतीत एकाला तीनने भागलं की शून्य पूर्णांक तीन तीन तीन असं चालूच राहतं, संपत नाही. तसंच कॉम्प्युटरच्या पद्धतीत साधा एक दशांशसुद्धा संपत नाही. तो कुठेतरी तोडावा लागतो. म्हणून त्याच्या नेहमीच्या अपूर्णांकांत एक दशांश दहा वेळा मिळवला, तर बरोबर एक येत नाही, अगदी सूक्ष्म फरक राहतो. यावरचा उपाय सोपा आहे. रुपये न ठेवता पैसे ठेवायचे, किलो न ठेवता ग्रॅम ठेवायचे. साठ किलो सातशे म्हणजे साठ हजार सातशे ग्रॅम. आकडा पूर्ण, गाळायला काही उरत नाही. त्या रात्री मी हेच केलं. बदल चार-पाच ओळींचाच होता.

हिशेबाबद्दल बोलतो आहे तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका जागेची आठवण काढतो. चाळीसगावजवळ, गौताळ्याच्या जंगलात पाटणादेवी आहे. तिथल्या शिलालेखाकडे १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांचं लक्ष वेधलं. इसवी सन १२०७ च्या सुमाराचा, यादवांच्या काळातला हा लेख. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला, त्याची ही नोंद. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाचं उत्पन्न कुठून यावं ते सांगितलं आहे. तेलाच्या घाण्यांकडून तेल, गिऱ्हाइकांकडून अमुक. आणि या गावात जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजावं. मापाबद्दल जे मिळेल ते निम्मं मठाला, निम्मं मापाऱ्याला. आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे गणिताची शाळा आणि बाजारातला मापारी एकाच मापाने बांधलेले होते. मी मात्र काकांना एकदाही न विचारता प्रोग्राम लिहून मोकळा झालो होतो.

याच भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त वर्तुळाचा परीघ काढण्याच्या दोन रीती दिल्या आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागा, हा सूक्ष्म परीघ. किंवा २२ ने गुणून ७ ने भागा, हा स्थूल परीघ, व्यवहाराला पुरेसा. पाच मीटर व्यासाची विहीर बांधायची तर दोन्ही उत्तरांत सहा मिलिमीटरचा फरक पडतो. गवंड्याला त्याचं काही नाही. पण पृथ्वीएवढं वर्तुळ घेतलं तर तोच फरक सोळा किलोमीटर होतो. बावीस सप्तमांशाची चूकही एकाच बाजूची आहे, उत्तर नेहमी थोडं जास्तच येतं. पण आचार्यांनी स्थूलाला स्थूल म्हटलं, आणि ते कुठे चालेल तेही सांगितलं. माझ्या पट्टीवर स्थूल आकडा सूक्ष्माच्या ऐटीत छापला जात होता. खरी फसवणूक तिथे होती, मग मनात काही नसलं तरी.

व्यापारी भला माणूस. काट्याची मूळ वजनं सुदैवाने वेगळी नोंदली जात होती. त्यांवरून फरक काढला आणि ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना पैसे पोचवले. काही जण लांबून आले होते, ते पुन्हा त्या दुकानात आलेच नाहीत. त्यांचे पैसे राहिले ते राहिलेच.

मामांचे एकशे पंचावन्न रुपये मी स्वतः घेऊन गेलो. शेतात भरीत चाललं होतं. चूक सांगितली, मान खाली घातली. मामा जाळ सारखा करत म्हणाले, “घरी मोजली होती रे मी. दहा-एक किलो कमी भरली, तेव्हाच लक्षात आलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं आपलाच काटा जुना. तुझा कॉम्प्युटर कसा चुकेल?”

श्रोतेहो, पैशांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. चाळीस वर्षं तूर पिकवणारा माणूस छापील आकडा पाहून स्वतःच्या अंदाजावर अविश्वास दाखवतो आणि गप्प बसतो. मापाडीकाका गप्प बसले नाहीत म्हणून चूक सापडली. आता तर प्रोग्राम लिहून देणारे प्रोग्राम निघाले आहेत. विजेचं बिल, बँकेचं व्याज, काट्याचं वजन, सगळं यंत्रातून येतं, आणि बहुतेक वेळा बरोबरही येतं. पण शंका आली तर विचारा. चूक दाखवताना एवढंच बघा, की ती कधी तुमच्या बाजूने, कधी त्यांच्या बाजूने होते आहे, की दर वेळी एकाच बाजूला जाते आहे. एकाच बाजूला जात असेल तर कुणाचं तरी मनगट वाकडं आहे.

तेव्हापासून नवा प्रोग्राम लिहिला की मी गोल आकड्यांनी तपासत नाही; शेपटीचे आकडे टाकतो. आणि ज्याच्या पाठीवर गोणी असते त्याला आधी दाखवतो.

त्या दिवशी मामांनी पैसे खिशात ठेवले आणि भरिताची चव घ्यायला लावली. मीठ जरा जास्त झालं होतं. मी तसं सांगितलं. मामा म्हणाले, “असू दे. मागच्या खेपेला कमी होतं.”