वधस्तंभावरचा देव
रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर गिलाव्यात ओरखडलेलं एक जुनं व्यंगचित्र सापडलं आहे. क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, शेजारी हात उंचावलेला भक्त आणि खाली ग्रीकमध्ये टोमणा: अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतोय! चेष्टा समजण्याजोगी होती. क्रूस ही गुलामांना, बंडखोरांना द्यायची शिक्षा. रोमन नागरिकाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. ख्रिस्ती कलेनेही येशूला क्रुसावर दाखवायला वेळ घेतला. रोममधल्याच सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावरचं तसं शिल्प पाचव्या शतकातलं आहे. प्रेषित पौलाने मात्र पहिल्या शतकातच ही लाजिरवाणी गोष्ट शिकवणुकीच्या केंद्रस्थानी आणली.

मग हे दुःखाचं उदात्तीकरण नाही का? आक्षेप पोकळ नाही. ‘आपला क्रूस वाहा’ असं सांगून छळ सोसणाऱ्यांना गप्प बसवलं गेलंच. पण शुभवर्तमानांतला येशू गेथशेमाने बागेत यातनांचा हा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो; मरणाची त्याला हौस नव्हती. श्रद्धेचा दावा वेगळा आहे: सत्तेने ज्याला गुन्हेगार ठरवून संपवलं, त्याच्यातच देव भेटतो. १०९५ नंतरच्या धर्मयुद्धांत अंगरख्यावर क्रूस शिवून लढाईला निघालेल्यांनी तर, माझ्या मते, हा अर्थ पार उलटा केला.