विशेषणांची अनुरूपता : लॅटिन व मराठी

विशेष्याच्या लिंग, वचन व विभक्तीनुसार विशेषणाच्या रूपात होणारा बदल. लॅटिनमध्ये या तिन्ही बाबतींत विशेषण नामाशी जुळावे लागते. मात्र दोघांचे प्रत्यय सारखेच असतील, असे नाही. ‘चांगला’ या अर्थाचे विशेषण पुल्लिंगात ‘बोनुस’, स्त्रीलिंगात ‘बोना’ व नपुंसकलिंगात ‘बोनुम’ असे होते. ‘अग्रिकोला’ (शेतकरी) हे नाम आकारान्त असले, तरी पुल्लिंगी आहे. म्हणून ‘अग्रिकोला बोनुस’ असे म्हणतात. उलट ‘क्वेर्कुस’ (ओक वृक्ष) हे स्त्रीलिंगी असल्याने ‘क्वेर्कुस आल्ता’ (उंच ओक) हे रूप शुद्ध ठरते. ‘फोर्तिस’ (शूर) यासारख्या विशेषणांत पुल्लिंग व स्त्रीलिंग यांची रूपे एकच असून नपुंसकलिंगी रूप (‘फोर्ते’) तेवढे वेगळे असते. या जुळणीमुळे वाक्यात विशेषण नामापासून दूर असले, तरी त्याचा संबंध ओळखता येतो.

मराठीत ‘चांगला मुलगा’, ‘चांगली मुलगी’, ‘चांगले मूल’ अशी विकारी विशेषणे आढळतात. ‘सुंदर’, ‘लाल’, ‘हुशार’ ही अविकारी होत. आकारान्त विशेषणे सामान्यतः विकारी असली, तरी ‘जादा गाडी’, ‘जादा पैसे’ यांतील ‘जादा’ बदलत नाही.

विभक्तीच्या बाबतीत दोन्ही भाषांत महत्त्वाचा भेद आहे. लॅटिनच्या चतुर्थीत ‘पुएरो बोनो’ (चांगल्या मुलाला) येथे नाम व विशेषण दोन्ही विभक्तिरूपात येतात. मराठीत प्रत्यय केवळ नामाला लागतो आणि विशेषणाचे ‘चांगल्या’ एवढे सामान्यरूप होते. ‘चांगल्या मुलाला’, ‘चांगल्या मुलीने’, ‘चांगल्या मुलांना’ यांत विशेषणापुरता लिंगवचनभेदही लोपतो.

भिन्नलिंगी व्यक्तींचा एकत्र निर्देश असता लॅटिनमध्ये विधेय-विशेषण सामान्यतः पुल्लिंगी अनेकवचनी येते. मराठीत ‘ती दोघे चांगली आहेत’ असा नपुंसकलिंगी प्रयोग होतो.

या भेदांना मराठी व्याकरणलेखनाच्या दृष्टीने महत्त्व आहे. फादर स्टीफन्स यांचे कोकणी भाषेचे पोर्तुगीज व्याकरण १६४० मध्ये रायतूर (गोवा) येथे छापले गेले. पुढे दादोबा पांडुरंग (१८३६) व मो. के. दामले (१९११) यांची मराठी व्याकरणे प्रसिद्ध झाली. लॅटिन वा संस्कृतचा संपूर्ण विभक्तिसाचा मराठी विशेषणाला लावल्यास एकाच ‘चांगल्या’ रूपाला अनेक विभक्तींची नावे द्यावी लागतात. त्याऐवजी सरळरूप व सामान्यरूप अशी विभागणी मराठीच्या प्रकृतीशी अधिक सुसंगत ठरते.