आधी नांदेड, मग लातूर, लगेच बिदर

सकाळी ८. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे यायला लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या आपत्ती नियंत्रण कक्षात पावसाळाभर माझी सकाळ अशीच सुरू होते. ६५ मिलिमीटरच्या वर गेलेल्या मंडळापुढं अतिवृष्टीची खूण करायची. मुखेड, देगलूर, उदगीर ही नावं मी दोनदा वाचतो.

९.३०. धरणांचा साठा आणि विसर्ग. नाथसागर जलाशयातून सुटलेलं पाणी नांदेड ओलांडून बाभळीला आणि तिथून तेलंगणातल्या श्रीरामसागरात जातं. बाभळी बंधाऱ्याच्या १४ दरवाजांवरून दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर हे दरवाजे वर उचललेले असतात. त्यामुळं वरचा विसर्ग वाढला की खाली वेळेत कळायलाच हवं. हे काम जेवणानंतर करू म्हणून टाकायचं नाही.

११. साधनांची यादी. कुठल्या तालुक्यात किती रबरी बोटी, किती लाइफ जॅकेट, बोटीचं इंजिन चालू आहे की नुसतं कागदावर आहे, पट्टीचे पोहणारे कोण. प्रत्येक नोंद फोन करून तपासतो. माझ्या वहीत सीमेपलीकडच्या जिल्ह्यांचा आणखी एक रकाना आहे: बिदर, निजामाबाद, कामारेड्डी, निर्मल, आदिलाबाद.

हा रकाना किती मोलाचा, ते १८ ऑगस्ट २०२५ ला दिसलं. मुखेड तालुक्यात रात्रीतून पाऊस कोसळला, त्यात उदगीर आणि कर्नाटकाकडून पाणी आलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्यानं वेढली. हसनाळला माणसं गेली. त्या दिवशी नांदेड, लातूर आणि बिदरचे जिल्हाधिकारी एकमेकांच्या संपर्कात राहून बचावकार्य चालवत होते. एनडीआरएफ होतं, आणि आपल्या शहरातून लष्कराची तुकडीही निघाली. पण इथून मुखेड अडीचशे किलोमीटरच्या पुढं आहे. बिदर त्याच्या निम्म्याहून जवळ. छपरावर बसलेल्या माणसाला बोट कुठल्या राज्याची, याच्याशी काय देणंघेणं?

१.३०. डबा. उदगीरचे एक सहकारी सांगतात, त्यांचे आजोबा कोर्टकचेरीला बिदरलाच जायचे. खरंच आहे. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा बिदर जिल्ह्यातच होते.

३. मागणीपत्रं. एनडीआरएफ केंद्राचं दल. त्याची ५ वी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. राज्याचं एसडीआरएफ धुळे आणि नागपूरला. जिल्ह्याची मागणी मंत्रालयातल्या कक्षाकडं जाते, तिथून पुढं हलते. ही वाट गरजेचीच, कारण एकाच दिवशी पाच जिल्हे पथक मागतात आणि कुणीतरी वर बसून प्राधान्य ठरवावं लागतं. मात्र शेजारच्या राज्याची बोट हवी असली, तर खर्च कोण देणार आणि आलेला जवान जखमी झाला तर जबाबदारी कुणाची, हे पूर येण्याआधी लिहिलेलं असावं. अमेरिकेतल्या राज्यांनी असा आपसांतला करार केला, त्याला १९९६ मध्ये तिथल्या संसदेची मंजुरी मिळाली. मागणारं राज्य खर्च भरतं. आपल्या सीमेवरच्या जिल्ह्यांमध्येही असा लेखी करार व्हावा, असं मला मनापासून वाटतं. तोवर हे सगळं अधिकाऱ्यांच्या समजूतदारपणावर चालतं.

५. सीमेपलीकडचे फोन. पूर नसतानाही करायचे, नंबर बदललेले असतात. तेलंगणाकडं हिंदीत बोलतो. बिदरकडं भालकी-औरादचा माणूस भेटला की मराठीच.

"साहेब, लेंडी नदीकडं पाणी वाढायलंय का?"

"अजून नाही. तुमच्याकडं?"

"रात्री पडंल असं वाटायलंय. कळवतो की."

ही वाक्यं वेळेसकट नोंदवहीत जातात.

८. रात्रपाळीचे दोघे येतात. वही त्यांच्या हाती देताना सांगतो: मुखेडचा आकडा वाढायला लागला, तर सकाळच्या अहवालाची वाट बघू नका. आधी नांदेड, मग लातूर, लगेच बिदर. मुंबईला त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून.