शांता आपटे : ‘कुंकू’मधली नीरा

पोरक्या मुलीचे लग्न पैशाच्या लोभाने म्हाताऱ्या बिजवराशी लावून द्यायचे, ही गोष्ट खेड्यापाड्यांतल्या जुन्या माणसांना नवी नाही. ती पडद्यावर आणली ‘प्रभात’ कंपनीने, १९३७ साली, ‘कुंकू’ या बोलपटात. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. त्यातली नीरा म्हणजे शांताबाई आपटे.

नीरा रडत बसत नाही, विहीरही जवळ करत नाही. “हे लग्न मी मानीत नाही,” अशा ठाम वृत्तीने ती वकील काकासाहेबांच्या घरात वावरते. केशवराव दाते काकासाहेब झाले होते. त्यांचाही राग येत नाही, कीवच येते. चित्रपटाचा मोठेपणा मला त्यातच वाटतो. या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही, बरे का! घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरची गडबड, एवढेच काय ते. त्या शांततेत नीरेचा एकेक शब्द लागतो.

शांताबाईंचा जन्म १९१६चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. गाणे त्या पंढरपूरला शिकल्या. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्या राधा झाल्या, आणि १९३४च्या ‘अमृतमंथन’पासून प्रभातमध्ये गाजल्या. तोवर पडद्यावर गाणे म्हणजे बहुधा एका जागी उभे राहून म्हणायचे. शांताबाईंचे डोळे, हात, मान सारेच गात असे.

आता त्या काळची व्यवस्था कशी होती ते पाहा. नटनट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. करार झाला की कंपनी सांगेल ते काम, आणि कंपनीला विचारल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचे नाही. गावातल्या सालगड्याला हे निराळे समजावून सांगायला नको. १९३९ साली करारावरून आणि पगारावरून शांताबाईंचे प्रभातशी बिनसले. तेव्हा त्या सरळ पुण्यातल्या कंपनीच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. नामांकित नटी दारात उपाशी बसली आहे, ही बातमी देशभर झाली. आज त्या आवारात सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कोणी याला हट्ट म्हटले, कोणी तमाशा. मला विचाराल तर कामाचा मोबदला मागणारी बाई लोकांना तोवर पाहायचीच सवय नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींना आतले व्यवहार कसे चालतात हे त्यात त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. शिक्षकबंधूंनी ते मिळाल्यास जरूर वाचावे.

१९४१ साली त्या तमिळ ‘सावित्री’त सावित्री झाल्या. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. एम. एस. सुब्बुलक्ष्मी त्यात नारद होत्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत शांताबाई वारल्या. वय अठ्ठेचाळिशीच्या आतबाहेर.